एकच स्तोत्र, दोन छावण्या

दुसरे महायुद्ध संपल्यापासून १९९१ साली सोव्हिएत संघाचे विघटन होईपर्यंत अमेरिका आणि रशिया या दोन महासत्तांमध्ये शीतयुद्ध चालू होते. त्याचा इतिहास बहुधा अण्वस्त्रे, हेरगिरी आणि बर्लिनची भिंत यांच्या संदर्भात सांगितला जातो. त्या युद्धात पुस्तकांचाही शस्त्रासारखा उपयोग झाला, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. मुंबईच्या लोकवाङ्मय गृहातून आणलेली स्वस्त रशियन पुस्तके आणि अमेरिकन वकिलातीचे 'स्पॅन' मासिक ज्यांच्या घरी शेजारी शेजारी असत, त्यांना याची थोडीफार कल्पना असेल. परंतु बोरिस पास्तरनाक यांच्या 'डॉक्टर झिवागो' या कादंबरीच्या वाट्याला जे आले, ते क्वचितच दुसऱ्या एखाद्या साहित्यकृतीच्या वाट्याला आले असेल. त्या इतिहासात व्हॅटिकनच्या एका दालनाचाही वाटा आहे. म्हणूनच ख्रिस्ती वाचकाने ही कादंबरी आणि तिचा इतिहास, दोन्ही नीट तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पास्तरनाक यांचा जन्म १८९० साली मॉस्कोतील एका ज्यू कुटुंबात झाला. वडील चित्रकार, आई पियानोवादक. कवी म्हणून रशियात त्यांना फार मोठा मान होता. अनेक वर्षांच्या परिश्रमांनंतर १९५५ साली त्यांनी ही कादंबरी पूर्ण केली आणि 'नोव्ही मीर' या मासिकाकडे पाठविली. ही कृती समाजवादी क्रांतीचा मूळ आशयच नाकारते, असे सविस्तर पत्र लिहून संपादक मंडळाने १९५६ साली ती परत केली. तत्पूर्वीच त्यांनी हस्तलिखिताची एक प्रत मिलान येथील प्रकाशक जांजाकोमो फेल्ट्रिनेल्ली यांच्या प्रतिनिधीच्या हाती दिली होती. हे प्रकाशक स्वतः इटलीच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मॉस्कोचा दबाव झुगारून त्यांनी नोव्हेंबर १९५७ मध्ये इटालियन अनुवाद प्रसिद्ध केला.

यापुढचा भाग बराच काळ केवळ कुजबुजीच्या स्वरूपात होता. २०१४ साली अमेरिकेच्या सी.आय.ए. या गुप्तचर संस्थेने आपली जुनी कागदपत्रे खुली केली, तेव्हा त्याला दुजोरा मिळाला. ब्रिटिश हेरखात्याने कादंबरीची छायाचित्रे १९५८ च्या आरंभी सी.आय.ए.कडे सुपूर्द केली. त्यांवरून नेदरलँड्समधील हेग शहरात मूळ रशियन आवृत्ती गुपचूप छापून घेण्यात आली. त्या वर्षी ब्रसेल्स येथे जागतिक प्रदर्शन भरले होते आणि तेथे हजारो सोव्हिएत नागरिक येत होते. अमेरिकेचा हात दिसू नये, म्हणून निळ्या कापडी बांधणीच्या ३६५ प्रती व्हॅटिकनच्या दालनातून त्यांना वाटण्यासाठी पोहोचविण्यात आल्या. पुस्तक लपविणे सोपे जावे म्हणून अनेकांनी बांधणी उसकटून टाकली आणि पानांचे गठ्ठे खिशांत दडविले. प्रदर्शनाच्या आवारात निळी वेष्टने विखुरलेली आढळत होती.

त्याच वर्षी २३ ऑक्टोबर रोजी पास्तरनाक यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. चार दिवसांनी लेखक संघाने त्यांना बडतर्फ केले. युवक संघटनेच्या नेत्याने जाहीर सभेत त्यांची तुलना डुकराशी केली. ज्यांनी कादंबरीचे एक पानही पाहिले नव्हते, अशी माणसे सभांतून तिचा धिक्कार करू लागली. मातृभूमी सोडावी लागेल या भीतीने पास्तरनाक यांनी पारितोषिक नाकारले. ३० मे १९६० रोजी त्यांचे निधन झाले.

एका महासत्तेने कादंबरी विष ठरविली, तर दुसरीने तिलाच अस्त्र बनविले. या दोघांच्या गदारोळात कादंबरीत प्रत्यक्षात काय आहे, हा प्रश्न बाजूला पडला.

कादंबरीचा मुख्य काळ विसाव्या शतकाच्या आरंभापासून १९२९ पर्यंतचा, म्हणजे शीतयुद्धाच्या कितीतरी आधीचा आहे. युरी झिवागो हा डॉक्टर आहे आणि कवीही. १९०५ चा उठाव, पहिले महायुद्ध, क्रांती आणि यादवी यांच्या लाटांवर त्याचे आयुष्य हेलकावे खाते. भांडवलशाहीची भलावण येथे शोधूनही सापडत नाही. कोवळ्या लाराच्या आयुष्याची विटंबना करणारा कोमारोव्हस्की हा जुन्या व्यवस्थेतला प्रतिष्ठित वकील आहे. क्रांतीची बातमी वाचून झिवागो प्रथम भारावून जातो. कुजलेला अवयव कापून काढणाऱ्या शल्यविशारदाचे कौशल्य त्याला तिच्यात दिसते. पुढे मात्र मनुष्याला मातीच्या गोळ्याप्रमाणे हवा तसा आकार देता येतो, असे मानणाऱ्यांशी त्याचे जुळत नाही. जीवन ही आपल्या सिद्धांतांहून मोठी वस्तू आहे, ही त्याची श्रद्धा आहे. ही टीका जितकी मॉस्कोला लागू पडते, तितकीच पुस्तकांची गणना दारूगोळ्यात करणाऱ्या वॉशिंग्टनलाही लागू पडते.

माझ्या मते कादंबरीचे मर्म अकराव्या भागातील एका प्रसंगात आहे. झिवागो लाल बंडखोरांच्या कैदेत असून त्यांचा डॉक्टर म्हणून काम करीत आहे. एके दिवशी श्वेत सैन्याची तुकडी मोकळ्या मैदानातून चाल करून येते. तीत सारी कोवळी, सुशिक्षित मुले आहेत. त्यांचे चेहरे त्याला आपल्या माणसांसारखे वाटतात. शेजारचा लाल तारायंत्री गोळी लागून पडतो, तेव्हा झिवागो त्याची बंदूक उचलतो आणि कुणाला इजा होऊ नये म्हणून एका वठलेल्या झाडावर नेम धरतो. तरीही मधे येणाऱ्यांना गोळ्या लागतातच.

लढाई संपल्यावर तो मृत तारायंत्र्याच्या गळ्यातील ताईत उघडतो. आत घडीघडीवर झिजलेला कागद आहे. त्यावर ९१ व्या स्तोत्रातील वचने आहेत. हातोहात नकलून त्यांत चुका शिरलेल्या. मग तो मैदानात पडलेल्या श्वेत सैनिकाकडे, सिर्योझा रांत्सेविच या तरुणाकडे जातो. त्याच्या गळ्यात सोन्याची डबी आहे आणि डबीत तेच स्तोत्र, छापील आणि संपूर्ण. गोळी त्या डबीवर आदळून निसटली आहे; मुलगा केवळ बेशुद्ध आहे. झिवागो मृत तारायंत्र्याचे कपडे त्याच्या अंगावर चढवितो, त्याला बरा करतो आणि सोडून देतो. मी पुन्हा तुमच्याविरुद्ध लढायला जाणार, हे तो मुलगा लपवीत नाही.

आपल्यापैकी अनेकांना हे स्तोत्र रात्रीच्या प्रार्थनेतून परिचित आहे. ईश्वराच्या छायेत विसावणाऱ्या माणसाचे ते स्तोत्र आहे. दोन्ही छावण्यांनी ते ताईतासारखे गळ्यात बांधले आणि तोच विश्वास शत्रूच्याही गळ्यात असेल, हे कुणाच्या मनात आले नाही. पास्तरनाक येथे उपदेश करीत नाहीत. एकाचा वाचलेला जीव हा ईश्वराचा कौल आहे, असेही ते सुचवीत नाहीत. दोन कागद शेजारी शेजारी ठेवून ते थांबतात. पुढे कादंबरीचेच असे दोन ताईत झाले, याची त्यांना लिहिताना कल्पना नसावी.

कादंबरीत उणिवा आहेत आणि त्या मोकळेपणाने सांगितल्या पाहिजेत. एवढ्या अफाट देशात पात्रे पुनःपुन्हा योगायोगाने एकमेकांसमोर येतात. बरीच पात्रे लेखकाच्याच भाषेत दीर्घ संभाषणे करतात. टोन्या ही झिवागोची पत्नी सहृदयतेने रेखाटली आहे, पण तिच्या दुःखापाशी लेखक पुरेसा थांबत नाही. कुटुंबवत्सल वाचकाला झिवागोचे लारावरील प्रेम खटकेल आणि ते खटकायलाच हवे. पत्नीजवळ सारे कबूल करण्याचा निश्चय तो करतो, पण तो पुढे ढकलून पुन्हा लाराच्या ओढीत गुंततो, त्याच वाटेवर बंडखोर त्याला पकडून नेतात. लेखक त्याला संत ठरवीत नाही. शेवटी तो खचतो, तिसरा संसार मांडतो आणि मॉस्कोत ट्राममधून उतरताच कोसळून मरतो. १९६५ च्या डेव्हिड लीन यांच्या चित्रपटाने या कथेची नितांतसुंदर प्रेमकहाणी केली. चित्रपट पाहून कादंबरी कळली असे समजणारा वाचक झिवागोचा मामा निकोलाय याला मुकतो. स्वेच्छेने याजकपद सोडलेला हा विचारवंत म्हणतो की, राष्ट्रांच्या आणि सम्राटांच्या गर्दीत एकट्या माणसाला खरी किंमत ख्रिस्तापासून आली.

याच विचाराच्या प्रकाशात ब्रसेल्सच्या दालनाकडे पाहिले पाहिजे. ज्या लोकांच्या भाषेत पुस्तक लिहिले, त्यांच्याच हाती ते पडू दिले जात नव्हते. ते त्यांना देणे हे चांगलेच काम होते. निळी वेष्टने फाडणाऱ्या हातांची भूक खरी होती. परंतु छपाईचा पैसा कुणाचा, हे घेणाऱ्यापासून लपविले होते. लेखकाची संमती कुणी विचारली नव्हती आणि परिणाम मात्र त्यालाच भोगायचे होते. पास्तरनाक यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच त्यांची सखी ओल्गा इव्हिन्स्काया आणि तिची मुलगी यांना अटक होऊन श्रमछावणीत पाठविण्यात आले. सत्याच्या प्रसारासाठी गुप्त हेतूचे साहाय्य घेतले की, त्याची किंमत बहुधा दुसरेच कुणी चुकवते. ख्रिस्तसभेच्या नावाने चालणाऱ्या कोणत्याही कार्याला हा धडा आजही लागू आहे. ज्याचे पुस्तक आपण वाटतो, तो एकटा माणूस आपल्याला कितपत दिसतो, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

पुढे रशियातही वारे बदलले. १९८७ साली लेखक संघाने बडतर्फी रद्द केली. १९८८ साली ज्या 'नोव्ही मीर'ने कादंबरी परत पाठविली होती, त्याच मासिकाने ती छापली. १९८९ साली पास्तरनाक यांच्या पुत्राने स्टॉकहोम येथे नोबेल पदक स्वीकारले. पुस्तकाने कुणाची सत्ता पाडली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र त्यावर बंदी घालणारी सत्ता आज नाही आणि पुस्तक आहे.

कादंबरीच्या शेवटी झिवागोच्या नावे पंचवीस कविता आहेत. अनेक वाचक कथानक संपले म्हणून पुस्तक मिटतात. तसे करू नये. पवित्र सप्ताह, नाताळचा तारा आणि मग्दालिया मरिया यांच्यावरील कविता तेथे आहेत, आणि शेवटची कविता गेथसेमनी बागेची आहे. शिष्य तलवार उपसतो आणि प्रभू त्याला ती म्यान करावयास सांगतो, हा प्रसंग कवीने तेथे आणला आहे. ज्या पुस्तकाची दोन महासत्तांनी तलवार केली, त्याचा समारोप असा आहे. येत्या उपवासकाळात ज्यांना सवड होईल, त्यांनी ही कादंबरी त्या शेवटच्या पानापर्यंत अवश्य वाचावी.