वनहक्काच्या निधीची मराठी

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा अधिनियम २००६ साली संमत झाला. या अधिनियमाच्या नावातील कळीचा शब्द ‘मान्यता’ हा होय. जे पूर्वीपासून आहे तेच मान्य करता येते. जे नाही ते द्यावे लागते. उद्देशिकेत वननिवासींवर झालेल्या ऐतिहासिक अन्यायाचा स्पष्ट उच्चार आहे, आणि गावाने परंपरेने राखलेल्या सामूहिक वनाचे संरक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा हक्क कलम ३ मध्ये नोंदविला आहे. येथवर कायद्याची भाषा सरळ आहे. परंतु हा हक्क बजावण्यासाठी लागणाऱ्या पैशाचा प्रश्न निघाला की शासकीय मराठीचा सूर पालटतो. ‘मान्यता’ मागे पडते. ‘वाटप’, ‘मंजुरी’, ‘लाभ’, ‘लाभार्थी’ ही शब्दावली पुढे येते. ‘वनपट्टे वाटप’ हा प्रयोग तर इतका रूढ झाला आहे की त्यातील विसंगती कोणाच्या कानाला खटकतही नाही. वाटप करणारा आधी वस्तूचा धनी असतो, घेणारा मागाहून होतो. अधिनियमाने मानलेला क्रम याच्या नेमका उलट आहे.

याला शब्दांचा कीस काढणे म्हणता येईल. पण पैसा कोणाच्या खात्यात जमा व्हावा आणि सही कोणी करावी, हे प्रश्न याच शब्दांच्या आडून सुटत आले आहेत. २००८ च्या नियमांतील सोळावा नियम पाहावा. हक्कधारकांना शासकीय योजनांचा पुरवठा होईल अशी तजवीज राज्य शासनाने आपल्या विविध खात्यांमार्फत करावी, असे तो सांगतो. त्याच्या इंग्रजी मथळ्यात ‘हँडहोल्डिंग’ हा शब्द आहे. मराठीत हात धरून नेतात ते लहान मुलाला किंवा अंधाला. वननिवासी समाज यांपैकी कोणत्या वर्गात मोडतो, याचा खुलासा नियमात नाही. ग्रामसभेच्या हाती थेट निधी देण्याची तरतूदही त्यात नाही. तिच्यापर्यंत पोचतात त्या योजना.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा या गोंड वस्तीच्या गावाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. सुमारे १८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क या गावाला २००९ साली मिळाला. बांबू हे ‘गौण वनोपज’ आहे असे २००६ च्या अधिनियमाने व्याख्येतच सांगितले होते. तरीही १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात तेव्हा बांबूची गणना वृक्षांत होत असे, या आधारावर त्याच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती राहिला. म्हणजे बांबू तोडण्याचा हक्क गावाचा, आणि तो गावाबाहेर नेऊन विकण्याची किल्ली दुसऱ्याकडे. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले, तेव्हा कुठे हक्काचे रूपांतर उत्पन्नात होऊ शकले. ‘गौण’ या विशेषणाचा विचार येथेच करणे इष्ट. व्याकरणात गौण वाक्य मुख्य वाक्यावर अवलंबून असते. ते स्वतंत्रपणे उभे राहत नाही. इमारती लाकूड हे मुख्य वाक्य मानणाऱ्या खात्याच्या दृष्टीने बांबू, तेंदू आणि मोह गौण ठरतात. गावाच्या अर्थव्यवहारात मात्र तीच मुख्य वाक्ये आहेत. मेंढ्याने स्वतःच्या वनाचा कारभार उभा केला तो या ‘गौण’ उत्पन्नाच्या बळावर.

अनुदानाच्या परिभाषेतील दुसरा शब्द ‘अभिसरण’. निरनिराळ्या खात्यांच्या योजनांचा पैसा एका कामासाठी एकत्र आणणे, हा त्याचा शासकीय अर्थ. मराठी वाचकाला मात्र हा शब्द रक्ताभिसरणामुळे परिचित आहे, आणि तेथे त्याचा अर्थ सर्व शरीरभर फिरणे असा आहे. जुना अर्थच अधिक उपकारक ठरला असता. पैसा कार्यालयात एकत्र येतो हे खरे. पण तो पाड्यापर्यंत फिरत जावा ही अपेक्षा नव्या अर्थात उरलेली नाही.

‘अबंध निधी’ हा प्रयोग त्या मानाने प्रामाणिक. आदिवासी उपयोजनेच्या रकमेतील ५ टक्के भाग पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय महाराष्ट्रात २०१५ साली झाला, आणि त्याला हे नाव मिळाले. निर्णय स्वागतार्ह होता, यात शंका नाही. परंतु नञ् समास वस्तूत काय नाही तेवढेच सांगतो. ती कोणाची आहे हे सांगत नाही. शिवाय खर्चाचे विषय नेमून दिल्यावर ‘अबंध’ राहते ते विशेषणच. आणखी एक बारकावा असा की हक्क मिळतो ग्रामसभेला, निधी जातो ग्रामपंचायतीकडे. २००९ साली मेंढा हे लेखा ग्रामपंचायतीतील अनेक गावांपैकी एक होते. वनाची धनीण एक संस्था आणि खात्याची धनीण दुसरी, हा भेद दोन्ही नावांतील ‘ग्राम’ या समान पदामुळे सहज झाकला जातो.

खरा मोठा पैसा आणखी निराळ्या वाटेने जातो. वनजमीन इतर कामांसाठी वळविल्याबद्दल वसूल होणाऱ्या भरपाईचा निधी २०१६ च्या अधिनियमाने नियमबद्ध झाला, आणि २०१९ मध्ये सुमारे ४७,००० कोटी रुपये राज्यांना हस्तांतरित करण्यात आले. हा निधी खर्च होतो तो मुख्यतः वनखात्यामार्फत. २०१८ च्या नियमांत ग्रामसभेशी ‘सल्लामसलत’ सांगितली आहे; ‘संमती’ हा शब्द अनेकांनी सुचवूनही स्वीकारला गेला नाही. सल्ला ऐकून बाजूला ठेवता येतो.

ग्रामसभांना हिशेब ठेवता येणार नाहीत, हा आक्षेप यावर नेहमी घेतला जातो. तो सर्वस्वी टाकाऊ नाही. घरोघरी गोंडी, माडिया किंवा कोरकू बोलणाऱ्या सभेला ठराव, अंदाजपत्रक व लेखापरीक्षण मात्र मराठीत, आणि तेही या लेखात पाहिलेल्या मराठीत, पार पाडावे लागते. अशा सभेला वाकबगार कारकुनाची गरज पडते, आणि मग कारकूनच सभेचा कर्ता होऊन बसण्याची भीती असते. मेंढ्याने यावर अभ्यासगट आणि सर्वसहमती हे दोन उपाय योजले. पण ते दशकांच्या श्रमाने रुजलेले आहेत, परिपत्रकाने रुजणारे नव्हेत. उलट २०१२ च्या दुरुस्तीने मात्र एक गोष्ट निःसंदिग्ध केली आहे: गावाच्या समितीने केलेला व्यवस्थापन आराखडा वनखात्याच्या आराखड्याशी जोडताना आवश्यक ते फेरफार ठरविण्याचा अधिकार त्या समितीचाच आहे. वाक्याचा कर्ता येथे गाव आहे. या कर्त्याला क्रियापद मिळाले, कर्मही मिळाले. करण, म्हणजे साधन, तेवढे मिळाले नाही.

बांबू असलेली गावे ही उणीव स्वतः भरून काढू शकतात. ज्यांच्या वाट्याला उजाड डोंगर आले, ज्यांना पहिली दहा-पंधरा वर्षे विक्रीजोगे काही हाती लागणार नाही, त्यांच्यापुढे मात्र रोपे, कुंपण, राखणदाराची मजुरी आणि वणवा विझविण्याची व्यवस्था यांचा खर्च पहिल्याच उन्हाळ्यात उभा राहतो, आणि सभेच्या पेटीत तोवर पट्ट्याचा कागद तेवढा असतो.