तक्रारीची प्रार्थना : स्तोत्र १३ आणि स्तोत्र ८८

कामात अपयश आले, घरातले दुखणे हटेना, मन कशातच लागेना, की माणूस प्रार्थनेकडे वळतो. अशा प्रसंगी हाताशी असावीत म्हणून प्रार्थनांची लहान लहान पुस्तके आपल्या घराघरांतून ठेवलेली असतात. कुटुंबभेटीच्या निमित्ताने आम्ही ती पाहत आलो आहोत. त्यांतील बहुतेक प्रार्थनांची घडण एकसारखी आहे. आरंभी दुःखाचा ओझरता उल्लेख, मग देवाच्या इच्छेचा स्वीकार आणि शेवटी आभार. भाषा सोज्ज्वळ, भाव नम्र. या पुस्तकांनी अनेकांना धीर दिला आहे, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि जो खरोखर चिडलेला आहे, ज्याची झोप उडाली आहे, त्याला त्या पानांवर स्वतःचा आवाज सापडत नाही. तो पुस्तक मिटतो आणि मन शांत झाल्यावर प्रार्थना करू, असे स्वतःला सांगतो. प्रार्थनेची गरज ज्या घडीला सर्वाधिक, नेमकी तीच घडी अशा रीतीने प्रार्थनेवाचून जाते.

पवित्र शास्त्राने आपल्या हाती दिलेले प्रार्थनेचे पुस्तक मात्र निराळे आहे. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. हेर्मान गुंकेल (१८६२–१९३२) या जर्मन अभ्यासकाने त्यांची प्रकारवार विभागणी केली, तेव्हा एकट्या माणसाच्या विलापाची स्तोत्रे हाच सर्वांत मोठा गट ठरला. हिब्रू परंपरेत या ग्रंथाचे नाव 'स्तुतिगीते' असे आहे. स्तुतीच्या नावाखाली एवढा विलाप कसा सामावला, हे समजून घेण्यासाठी दोन स्तोत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, असे आम्हांला वाटते.

तेरावे स्तोत्र अवघे सहा ओव्यांएवढे. त्याची सुरुवातच प्रश्नाने होते. हे किती काळ चालायचे, हा एकच प्रश्न पहिल्या दोन वचनांत चार वेळा येतो. ही पुनरुक्ती काव्यदोष नव्हे. रात्री कूस बदलणाऱ्या माणसाचे मन असेच एका प्रश्नाभोवती फिरत असते. पुढील दोन वचनांत मागणे आहे आणि अखेरच्या दोन वचनांत विश्वास व गायन. मधल्या काळात परिस्थिती बदलल्याची एकही खूण कवी देत नाही. शत्रू तसाच आहे, देवाचे उत्तरही ऐकू आलेले नाही. तरीही सूर पालटतो. हा पालट आपण सहजी स्वीकारतो, कारण त्याआधी तक्रार पूर्ण मांडली गेली आहे. आपल्या पुस्तिकांतील आभार पोकळ वाटतात ते याच कारणाने. तेथे विश्वास पहिल्याच पायरीवर ठेवलेला असतो.

अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात मात्र असा पालट नाही. शीर्षकात ज्याचे नाव आहे तो हेमान तीन वेळा हाक मारतो. तो मृतांविषयी एकामागून एक प्रश्न विचारतो, सोबती दुरावल्याचा ठपका थेट देवावर ठेवतो आणि थांबतो. मूळ हिब्रूतील शेवटचा शब्द 'अंधार' असा आहे. त्यानंतर सांत्वन नाही, स्तुती नाही. एखाद्या संपादकाला येथे दोन आशादायक ओळी जोडाव्याशा वाटल्या असत्या. शास्त्राने त्या जोडल्या नाहीत. आणि ख्रिस्तसभेनेही हे स्तोत्र बाजूला ठेवले नाही. धर्मगुरू आणि व्रतस्थ जी प्रहरांची प्रार्थना म्हणतात, तीत दर शुक्रवारी झोपण्यापूर्वी हेच स्तोत्र येते. ज्या दिवशी प्रभूचे मरण आठवायचे, त्या दिवसाची अखेर अंधाराच्या उच्चाराने होते.

येथे एक आक्षेप संभवतो. देवापुढे असे बोलणे हा उद्धटपणा नव्हे काय? इस्राएल लोक रानात कुरकुर करीत, तेव्हा त्यांना बोल लावला गेलाच की! हा आक्षेप रास्त आहे, पण दोहोंतील भेद व्याकरणात दिसतो. अनुवादाच्या पहिल्या अध्यायात इस्राएल लोक आपापल्या तंबूंत बसून देवाविषयी कुरकुर करतात. तेथे देव तृतीय पुरुषी आहे. हेमान देवाविषयी बोलत नाही, देवाशी बोलतो. त्याचे कठोरातले कठोर वाक्यही 'तू' ला उद्देशून आहे, आणि ज्याच्यावर ठपका ठेवायचा त्यालाच पहिल्या ओळीत त्याने आपला तारणारा म्हटले आहे. तंबूतली कुरकुर नाते तोडते. समोर मांडलेली तक्रार नात्याला धरून राहते.

मनात आले ते सारेच सामुदायिक प्रार्थनेत यावे, असे मात्र नाही. १९७१ मध्ये प्रहरांच्या प्रार्थनेची नवी रचना झाली, तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही शापवचनांची स्तोत्रे वगळण्यात आली. दुसऱ्याचे वाईट चिंतणारे शब्द विवेकाने गाळले गेले, पण स्वतःच्या दुःखाची तक्रार राखली गेली. आमच्या मते हाच निकष घरगुती प्रार्थनापुस्तकांनाही लावावा.

या तक्रारीला सर्वांत मोठा आधार क्रूसावर आहे. मार्क आणि मत्तय या दोघांच्या शुभवर्तमानांत प्रभू येशू बाविसाव्या स्तोत्राच्या आरंभीचा आक्रोश करतो. हेच स्तोत्र दर झावळ्यांच्या रविवारी आपण मिस्सेत प्रतिसाद देऊन म्हणतो. स्वतः पुत्राने ज्या शब्दांनी पित्याला हाक मारली, ते शब्द उच्चारण्यात आपल्याला संकोच का वाटावा?

मराठी कानाला तर ही भाषा परकी वाटण्याचे कारणच नाही. विठ्ठलाशी भांडणारे तुकोबांचे अभंग आणि जनाबाईचे रागावणे आपल्या मातीतले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आल्याचे सांगत. त्या सेतूवरून जशी भक्ती आली, तशी देवाशी हक्काने बोलण्याची रीतही यावयास हवी होती. आपल्या छापील प्रार्थनांत ती फारशी उतरलेली दिसत नाही. ती भाषा एखाद्या अदबशीर अर्जासारखी झाली आहे.

१९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाने प्रार्थनेवरील चौथ्या भागात प्रार्थनेला संग्राम म्हटले आहे. संग्रामात आवाज चढतो. म्हणून ताणाच्या रात्री मन शांत होण्याची वाट पाहू नये. तेरावे स्तोत्र उघडावे आणि ते मोठ्याने वाचावे. पाचव्या वचनापाशी ओठ अडले तर जबरदस्ती करू नये. तेथेच थांबून पान उलटत अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राकडे जावे. मनाचे दुखणे खोल असेल तर डॉक्टरांकडेही जावे, प्रार्थना त्याच्या आड येत नाही. घरात कोणी असे खचलेले असेल, तर 'देवाची इच्छा' हे शब्द त्याच्यापुढे लगेच ठेवू नयेत. त्याच्या शेजारी बसून हे स्तोत्र त्याच्यासाठी वाचावे. ज्याला स्वतः हाक मारण्याचे बळ उरलेले नाही, त्याच्या वतीने हाक मारणे हेही आपल्या कुटुंबांचे आणि धर्मग्रामाचे काम आहे.