स्कॉर्पिओ, जीप आणि दोन माणसं

२५ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत कारमायकल रोडवर, मुकेश अंबानींच्या ‘अँटिलिया’ या घराजवळ, एक हिरवी स्कॉर्पिओ बेवारस उभी सापडली. आत जिलेटिनच्या २० कांड्या आणि धमकीची चिठ्ठी. आठवडाभराने, ४ मार्चच्या रात्री, ही गाडी चोरीला गेल्याची तक्रार देणारे ठाण्याचे व्यापारी मनसुख हिरेन घरातून बाहेर पडले आणि परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुंब्र्याजवळ रेतीबंदरच्या खाडीत त्यांचा मृतदेह मिळाला.

त्या महिन्यात या गाडीबद्दल आणि या माणसाबद्दल जे तर्क लढवले गेले, ते मी कथा म्हणून वाचतो. तर्क ही शेवटी कथाच असते. तिला आरंभ असतो, हेतू असतो, खलनायक असतो. कथा वाचताना लेखकाने काय घेतलं यापेक्षा काय टाकलं हे मी आधी बघतो. तर्कालाही तीच कसोटी लावावी असं मला वाटतं.

पहिली कथा दहशतवादी हल्ल्याची. टेलिग्रामवर ‘जैश-उल-हिंद’ नावाने जबाबदारी घेणारा संदेश आला, मग ती नाकारणारा दुसरा आला, आणि तपासाचा धागा तिहार तुरुंगातल्या एका मोबाइलपर्यंत गेला. वाहिन्यांनी ही कथा दिवसरात्र चालवली. जालना जिल्ह्यात मात्र ती पहिल्याच दिवशी लंगडी वाटायला हवी होती. आमच्याकडे जिलेटिन ही अपूर्वाईची वस्तू नाही. भोकरदन-जाफराबादकडे उन्हाळ्यात विहिरींची कामं निघतात, काळा पाषाण लागला की सुरुंग घ्यावा लागतो, आणि यारीवर काम करणाऱ्या पोरालाही माहीत असतं की डेटोनेटर जोडल्याशिवाय कांडी उडत नाही. स्कॉर्पिओतल्या कांड्या सुट्या होत्या. हल्ल्याच्या कथेने हाच तपशील टाकला. ज्याने त्या ठेवल्या त्याला स्फोट हवा होता की बातमी, हा साधा प्रश्न विचारायला विहिरीवरचं ज्ञान पुरेसं होतं.

दुसरी कथा आत्महत्येची. आधी अकस्मात मृत्यूची नोंद झाली. ही कथा सर्वांत लहान आणि सोयीची, पण तिला टाकावं लागणारं सामान सर्वांत जास्त होतं. कुटुंबीय म्हणत होते की हिरेन उत्तम पोहणारे होते. तोंडाशी रुमाल सापडले होते. आणि त्या रात्री घरातून निघताना, तावडे नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला भेटायला जातो, असं ते सांगून गेले होते.

तिसरी कथा पत्नीच्या जबाबाची. या प्रकरणातला सर्वांत चांगला मजकूर मी तोच मानतो. त्यात कट नाही, देश नाही, सरकार पाडणं नाही. गाडी कुणाकडे किती दिवस होती हे आहे: नोव्हेंबर २०२० पासून ५ फेब्रुवारी २०२१ पर्यंत ती सहायक पोलीस निरीक्षक सचिन वाझे यांच्याकडे होती. हा जबाब ९ मार्चला देवेंद्र फडणवीसांनी विधानसभेत वाचला, १३ मार्चला एनआयएने वाझेंना अटक केली. नंतरच्या आरोपपत्रात एनआयएचं म्हणणं असं की गाडीचा गुन्हा अंगावर घ्यायला हिरेन तयार झाले नाहीत, म्हणून त्यांना संपवण्यात आलं. आरोपपत्र म्हणजे निकाल नव्हे. पण या मांडणीला पत्नीच्या जबाबातलं काही टाकावं लागत नाही, हे वाचक म्हणून मी नोंदवतो.

गंमत पुढे आहे. २० मार्चला परमबीर सिंह यांचं पत्र आलं, महिन्याला १०० कोटींच्या वसुलीचा आरोप आला, ५ एप्रिलला गृहमंत्री अनिल देशमुखांनी राजीनामा दिला. आणि हिरेन कथेतून बाहेर पडले. आमच्या जिल्ह्याचे राजेश टोपे तेव्हा राज्यात आरोग्यमंत्री, रावसाहेब दानवे केंद्रात राज्यमंत्री. त्यामुळे गांधी चमनला उभ्या माणसाने कोणता तर्क सांगितला यावरून तो कुणाचा हे कळायचं. प्रत्येक तर्कात सरकार होतं, पैसा होता, दिल्ली होती. ठाण्यातलं गाड्यांच्या सजावटीचं दुकान कुठेच नव्हतं.

रहस्यकथांनी आपल्याला याची सवय लावली आहे. डिसेंबर १९२६ मध्ये अगाथा ख्रिस्ती नाहीशी झाली, तिची मॉरिस गाडी सरे परगण्यात एका खाणीच्या काठावर सापडली, आणि इंग्लंडभर तर्कांचं पीक आलं. कॉनन डॉयलने तिचा हातमोजा एका अतींद्रियवाद्याकडे नेला. अकरा दिवसांनी बाई हॅरोगेटच्या हॉटेलात सुखरूप सापडल्या. तर्कांचा खेळ कुणाच्या जिवावर बेतला नाही. हा शेवट अपवाद आहे, पण खेळण्याची चटक तिथलीच.

मला खरं सांगायचं आहे ते एका दुसऱ्या वाहनाबद्दल. त्याच्याबद्दल असे तर्क लढवल्याचं मला आठवत नाही. मनमाडहून परभणीकडे जाणारी रेल्वे जालन्यावरून जाते. त्याच परभणीचा ख्वाजा युनूस, वय २७, दुबईत नोकरी करणारा इंजिनिअर. २ डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बॉम्बस्फोटानंतर त्याला पकडण्यात आलं. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की त्याला औरंगाबादला नेत असताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळून गेला.

जीप, दरी आणि फरार आरोपी. तीन ओळींची कथा. सोबतच्या आरोपीने नंतर सांगितलं की कोठडीत मारहाण होताना युनूसला रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या. उच्च न्यायालयाने तपास सीआयडीकडे सोपवला, सीआयडीने अपघाताची कथा बनावट ठरवली, आणि २००४ मध्ये चार पोलिसांना अटक झाली. त्यात एक नाव सचिन वाझे. निलंबित वाझे जून २०२० मध्ये सेवेत परतले. स्कॉर्पिओ त्यानंतर आठ महिन्यांनी सापडली.

२००३ मध्ये जीपमधून माणूस पळाला हे ऐकून आपण पुढच्या बातमीकडे का वळलो? दरीत कोसळलेल्या जीपमधून कैदी पळतो आणि सगळं पोलीस पथक मागे राहतं, हा तपशील जिलेटिनच्या सुट्या कांड्यांइतकाच उघडा होता. पण अंबानींच्या घराजवळची गाडी आपल्याला कोडं वाटते. परभणीच्या मुसलमान पोराची, तीही बॉम्बस्फोटाच्या आरोपातली, गोष्ट आपल्याला बातमी वाटते. कोड्याला आपण तपशील मागतो. बातमीला मागत नाही.

हिरेन यांचा मृतदेह दुसऱ्या दिवशी मिळाला, म्हणून शवविच्छेदन झालं, रुमाल दिसले, आत्महत्येची कथा मोडता आली. युनूसचा मृतदेह मिळालाच नाही. त्याच्या आईने वर्षानुवर्षं परभणीहून मुंबईच्या न्यायालयात खेटे घातले. तिचंही म्हणणं हिरेन यांच्या पत्नीसारखंच छोटं होतं: माझा मुलगा त्या जीपमध्ये नव्हता.