पत्त्यातली तिरकी रेघ कुठे हरवते?

मागच्या खेपेला आपण ब्राउझरपासून वेब सर्व्हरच्या दारापर्यंत आलो. आज दारातून आत, ॲप्लिकेशनपर्यंत जायचंय. आणि या टप्प्याबद्दल आमची जुनी तक्रार आहे.

उदाहरण घरचंच घेऊ. कचेरीतला जावक क्रमांक, ४५/२०२३. हा पत्त्यात घालायचा तर मधली तिरकी रेघ '%२एफ' अशी लिहावी लागते, कारण पत्त्यात नुसती रेघ म्हणजे पुढची पायरी. ब्राउझर पाठवतो: /दप्तर/४५%२एफ२०२३/पाने. (बाकीची अक्षरंही अशीच चिन्हांत जातात; आपण सोयीसाठी देवनागरीत वाचतोय.) इथवर सगळं चोख.

आता सीजीआयच्या रीतीने सर्व्हर याचे दोन तुकडे करतो. 'स्क्रिप्ट नेम' म्हणजे /दप्तर, आणि उरलेला 'पाथ इन्फो'. पण हा उरलेला भाग तो उलगडून देतो: /४५/२०२३/पाने. ॲप्लिकेशनला हव्या होत्या दोन पायऱ्या, मिळाल्या तीन. कोणती रेघ क्रमांकातली आणि कोणती पायरीची, हे आता कुणीच सांगू शकत नाही. अर्जदाराला दिसतं ४०४; कागद मात्र दप्तरात सुखरूप असतो!

हा कुणाचा हलगर्जीपणा नव्हे, नियमच तसा आहे. ऑक्टोबर २००४च्या आरएफसी ३८७५मध्ये पाथ इन्फो सांकेतिक रूपात नसतो, असं स्पष्ट म्हटलंय. गंमत बघा, त्याच दस्तऐवजात प्रश्नचिन्हापुढची 'क्वेरी स्ट्रिंग' मात्र जशीच्या तशी द्यायची आहे. एकाच पत्त्याच्या दोन भागांना दोन न्याय.

बचाव करायचा तर असा: १९९३च्या सुमारास सीजीआय आलं तेव्हा पत्ता म्हणजे डिस्कवरची फाइल, असंच बहुधा असायचं. युनिक्समध्ये फाइलच्या नावात रेघ येऊच शकत नाही, मग उलगडून बिघडलं काय? शिवाय २००४चा दस्तऐवज मुख्यतः चालत आलेली रीत नोंदवणारा होता. हे आम्हाला मान्य. पण पायऱ्यांतून क्रमांक आणि नावं जाऊ लागली, तेव्हा हा सौदा महाग पडला.

पुढे नुसती ठिगळं. अपाचेच्या मूळ सेटिंगमध्ये असा पत्ता ॲप्लिकेशनपर्यंत पोचतच नाही, आधीच ४०४. बरेच सर्व्हर मूळ पत्ता 'रिक्वेस्ट यूआरआय' म्हणून वेगळा देतात, पण तो सीजीआयच्या नियमात नाही. एन्जिनएक्समध्ये 'प्रॉक्सी पास'च्या शेवटी एक रेघ जास्त पडली की मूळ पत्त्याऐवजी उलगडून नीट केलेला पत्ता पुढे जातो. पायथनच्या डब्ल्यूएसजीआयने तर पाथ इन्फो लॅटिन-१मध्ये द्यायचं ठरवलं. 'द'चे तीन बाइट, म्हणून तीन परकी अक्षरं. ती परत जुळवून वाचायची जबाबदारी आपली. नंतरच्या एएसजीआयमध्ये 'रॉ पाथ' आलं खरं, तेही ऐच्छिक.

तुमच्या प्रकल्पात असा क्रमांक आला, तर तूर्त तो क्वेरीत टाका. रेघेऐवजी आडवी रेघ घाला, असं सुचवणारे भेटतील. पण मग कचेरीच्या शिक्क्यावर एक क्रमांक आणि पत्त्यात दुसराच.