अभिवादनाचे भाषण आणि सारिपुत्ताचा सिंहनाद

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत अभिवादनाचे भाषण हा जणू एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच होऊन बसला आहे. १४ जानेवारीचा नामविस्तार दिन, १४ एप्रिल, ४ ऑगस्टचा पोचिराम कांबळे यांचा स्मृतिदिन, २५ नोव्हेंबरचा गौतम वाघमारे यांचा स्मृतिदिन, ६ डिसेंबर : वर्षभर विहारात, महाविद्यालयात, चौकातल्या मंचावर ही भाषणे होत असतात. आपल्या कवितेची समीक्षा झाली, आत्मकथनांची तर विपुल झाली. परंतु समाजाच्या कानांवर सर्वाधिक वेळा पडणाऱ्या या प्रकाराकडे समीक्षकांनी क्वचितच पाहिले.

या भाषणाचा साचा सर्वांना पाठ आहे. त्रिशरण-पंचशील होते, पुष्प अर्पण होते, मंचावरील मान्यवरांच्या नामावलीत पाच-सात मिनिटे जातात आणि मग विशेषणांची रांग लागते. अशा भाषणाची एक सोपी कसोटी घेता येईल. ज्यांना अभिवादन करावयाचे त्यांचे नाव काढून त्या जागी दुसरे नाव घालावे. भाषणात काहीच बदलावे लागले नाही, तर ते अभिवादन कोणालाच पोहोचले नाही असे समजावे. या भाषणांचा शेवट बहुधा एकाच वाक्याने होतो : असा पुरुष झाला नाही आणि होणार नाही.

हे वाक्य बौद्धांना अपरिचित नाही. दीघनिकायात, नालंदेच्या पावारिक आम्रवनात, सारिपुत्ताने तथागतांसमोर नेमके हेच म्हटले होते : संबोधीत भगवंतांहून श्रेष्ठ असा श्रमण वा ब्राह्मण झाला नाही, होणार नाही, आजही नाही. धम्मसेनापतीचा हा गौरव ऐकून तथागत प्रसन्न झाले नाहीत. त्यांनी उलटतपासणी घेतली. भूतकाळातील सर्व बुद्धांचे चित्त तू जाणले आहेस काय? भविष्यातील बुद्धांचे? निदान माझे तरी? सारिपुत्ताला तिन्ही वेळा नाही म्हणावे लागले. मग हा सिंहनाद कशाच्या बळावर?

सारिपुत्ताचे उत्तर प्रत्येक वक्त्याने अभ्यासावे असे आहे. एकच दरवाजा असलेल्या सीमेवरच्या नगराचा द्वारपाल तटाभोवती फिरतो, मांजर शिरेल एवढेही छिद्र कोठे नाही याची खात्री करून घेतो आणि मग म्हणतो की आत येणारा प्रत्येक मोठा प्राणी याच दरवाज्याने येतो. त्याने प्रत्येकाचे अंतःकरण पाहिलेले नसते, पण तट पाहिलेला असतो. संपसादनीय सुत्तात हीच स्तुती कारणांसह सविस्तर येते, आणि ती उपासक-उपासिकांना वारंवार सांग, असे तथागत सारिपुत्ताला सांगतात. तेव्हा आक्षेप गौरवाला नव्हता, तट न पाहता केलेल्या गौरवाला होता.

स्वतः बाबासाहेबांनी असे भाषण कसे केले, हे पाहण्याची सोय आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात न्या. रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त त्यांनी जे भाषण केले, ते 'रानडे, गांधी आणि जिना' या नावाने त्याच वर्षी पुस्तकरूपाने आले. आरंभीच ते आपल्या माहितीची मर्यादा सांगतात. रानड्यांचा सहवास त्यांना लाभला नव्हता. १९०१ साली रानडे वारले तेव्हा शाळेला सुटी मिळाली आणि मुले कोण गेले याची चौकशी न करता आनंदली, हे ते रानड्यांच्या चाहत्यांसमोर सांगतात! वडिलांच्या कागदपत्रांत सापडलेल्या एका अर्जाचाही उल्लेख करतात. महारांच्या सैन्यभरतीवरील बंदीविरुद्धचा तो अर्ज लिहिण्यास रानड्यांनी साहाय्य केले होते. एवढा एक कागद पन्नास विशेषणांपेक्षा अधिक बोलतो. त्यानंतर थोर पुरुष कोणास म्हणावे याचा निकष ते आधी ठरवतात, त्यावर रानड्यांना तपासतात, त्यांच्या पक्षाच्या उणिवाही दाखवतात आणि विभूतिपूजेविषयी कठोर शब्दांत बोलतात. हे भाषण आपल्या मंचावरून कितीदा तरी उद्धृत झाले आहे. त्याची पद्धत मात्र आपण घेतली नाही.

याचा तोटा नामांतराच्या हुतात्म्यांना सर्वाधिक झाला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला. आठच दिवसांनी, ४ ऑगस्टला, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. ते मातंग समाजातील होते. नामांतर ही एकाच जातीची मागणी होती असे म्हणणाऱ्यांना याहून मोठे उत्तर नाही. तरीही 'भीमसैनिक' या एका शब्दाखाली ते उत्तर झाकले जाते.

गौतम वाघमारे यांच्याविषयीची भाषणे तर अधिक अस्वस्थ करतात. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये त्यांनी आत्मदहन केले. नामविस्तार त्यानंतर ५० दिवसांनी झाला. त्यांचा मृत्यू ज्वाला, मशाल, यज्ञ (हा शब्द बौद्ध मंचावर येतोच कसा?) अशा रूपकांनी सजवला जातो. समोर विशीतली मुले बसलेली असतात. मृत्यू सुंदर करून दाखवणारे भाषण त्यांच्या हाती काय देते, याचा विचार पहिले शील नुकतेच उच्चारलेल्या वक्त्याने करावयास नको काय? एकमताने झालेला ठराव पंधरा वर्षांहून अधिक काळ कोणी आणि का अडवून ठेवला, हे तारखांसह मांडले तर त्या तरुणाच्या वेदनेचा खरा हिशेब लागतो. रूपकांच्या धुरात सरकारे सुटून जातात.

आणखी एक गोष्ट या मंचावरून क्वचितच ऐकू येते. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेड-लातूरची महाविद्यालये त्याच्या कक्षेत गेली. ज्या जिल्ह्यात पोचिराम आणि गौतम यांचे प्राण गेले, तेथील विद्यार्थ्याच्या पदवीपत्रावर ते नाव जेमतेम आठ महिने येऊ शकले असते. नव्या विद्यापीठाची गरज होती, त्याने या भागाला शिक्षण जवळ आणले, हे मान्यच आहे. पण लातूरच्या महाविद्यालयात १४ जानेवारीला 'आपल्या विद्यापीठाचा' जयजयकार होतो, तेव्हा समोरच्या मुलांना ते कोणते विद्यापीठ, हे तरी वक्त्याने सांगावे.