बायरनचा श्वानमृत्युलेख

लाडक्या मुक्या जिवाला अग्नि द्यावा कीं मूठमाती, हा आचाराचा प्रश्न आहे. त्याच्या समाधीवर काय लिहावें, हा साहित्याचा. लॉर्ड बायरनचा ‘बोट्स्वेन’ नांवाचा न्यूफाउंडलंड जातीचा कुत्रा १८०८ च्या नोव्हेंबरांत पिसाळून मेला. बायरननें न्यूस्टेड ॲबे येथें त्याची भव्य समाधि उभारली व तीवर २६ ओळींचें काव्य कोरविलें. तें प्रसिद्ध असलें, तरी आमच्या मतें तें खरें शोकगीत नव्हे. आरंभीं मनुष्यांच्या समाधींवरील खोट्या स्तुतीचा उपहास येतो. मध्यें थोड्या ओळी श्वानाच्या निष्ठेच्या. पुढें मनुष्यजातीला दूषणें देण्यांत कवि इतका रमतो कीं, कुत्र्याची आठवण त्याला थेट शेवटच्या ओळींत होते. मनुष्य नीच ठरल्यानें श्वान थोर ठरत नाहीं. चरित्रकार मूर सांगतो कीं, रोगाचें स्वरूप न कळल्यामुळें बायरननें त्या जिवाची लाळ उघड्या हातानें पुसली होती. एवढी एक गोष्ट काव्यांत असती, तरी वाचकाचे डोळे पाणावले असते. खऱ्या शोकाला परनिंदेचा आधार लागत नाहीं, असें आम्हांस वाटतें.