चाळणीसारखी दुर्बीण आणि वर्गातला पडदा

जुन्नर तालुक्यात खोडदच्या परिसरात गेले की शेतांमध्ये लोखंडी जाळीच्या प्रचंड बशा दिसतात. ही जीएमआरटी रेडिओ दुर्बीण. बशा एकूण ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मध्यभागी दाटीने, तर उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या.

या दुर्बिणीवरचा एक तयार पाठ आम्ही एका शाळेत पडद्यावर पाहिला. चित्रे रेखीव, निवेदन स्पष्ट. शेवटी प्रश्नमंजूषा होती. बशा किती, व्यास किती, याची उत्तरे मुलांनी पटापट दिली. मग एका मुलीने विचारले, "बशीला तर भोकं आहेत. मग लहरी चाळणीतून पीठ गळतं तशा गळून जात नाहीत का?" तिने खरी बशी जवळून पाहिलेली होती. पडद्यावरची बशी मात्र पत्र्याची, सलग होती. तास संपला आणि प्रश्न तसाच राहिला.

आमची तक्रार पडद्याविरुद्ध नाही. दूरच्या दीर्घिका किंवा बशांचे संथ वळणे वर्गात दुसऱ्या कशाने दाखवणार? तक्रार आहे ती पाठाच्या रचनेबद्दल. यात चित्र आधी येते, उत्तर लगेच येते आणि मुलाच्या कल्पनेला मध्ये जागाच उरत नाही. शिवाय सोपे करण्याच्या नादात या दुर्बिणीतली सर्वांत सुंदर गोष्टच गाळली गेली. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणलेल्या दोरांच्या सांगाड्यावर बारीक तारेची जाळी बसवली. जाळीची भोके १० ते २० मिलिमीटरची. हायड्रोजनकडून येणाऱ्या लहरींची लांबी २१ सेंटिमीटर, म्हणजे भोकाच्या दहापटीहून अधिक. अशा लहरींना ही जाळी सलग आरशासारखीच असते. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, म्हणून जाळीतून आपल्याला आकाश दिसते. वारा बराचसा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त करता आला. चाळणीची उपमा देणारी ती मुलगी या विचाराच्या उंबरठ्यावरच उभी होती.

मग वर्गात काय करावे? एक ट्रान्झिस्टर सुरू करून प्लॅस्टिकच्या जाळीत गुंडाळा, नंतर तारेच्या जाळीत, सर्व बाजूंनी. आवाजात काय फरक पडतो? फट ठेवली तर? एरियल बाहेर काढली तर? निकाल प्रत्येक वेळी नीटनेटका येणार नाही, आणि भांडणे, तर्क, नवे प्रयोग तिथूनच सुरू होतात. फिल्म त्यानंतर दाखवा. मुले ती वेगळ्याच डोळ्यांनी पाहतील, चूकही काढतील.

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातले उदाहरण घ्या. तिथली कुटुंबे बाळहिरडा गोळा करून वाळवतात. बाष्पीभवनाच्या पाठात पडद्यावर पाण्याचे थेंब उडताना दिसतात. त्याआधी मूठभर ओला हिरडा तराजूत घालून रोज वजन केले आणि आलेख काढला, तर वजन कुठे गेले हा प्रश्न मुलांचा स्वतःचा होईल. हिरड्याचा ढीग मांडून 'बाजार' खेळणारी मुले हे वजन करण्यात पटाईत असतात. तो खेळ वर्गाबाहेर कशाला ठेवायचा?

चांगल्या फिल्मचा नमुना पुण्यातच आहे. आयुकाच्या मुक्तांगण विज्ञानशोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांवर छोट्या फिल्म केल्या, मराठीतूनही. त्या पाहून झाल्या की मूल स्ट्रॉ, आगपेटी, जुनी सायकल ट्यूब शोधायला उठते. कोणत्याही डिजिटल पाठाला आम्ही हीच कसोटी लावू: पडदा बंद झाल्यावर हात चालू होतात का?

जीएमआरटीच्या बशांजवळ मोबाइल बंद ठेवायला सांगतात, कारण त्याच्या लहरींपुढे आकाशातून येणारा अतिक्षीण संकेत बुडून जातो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. निघण्यापूर्वी मुलांना माहिती सांगू नका. त्यांचे प्रश्न वहीत लिहून घ्या, आणि चाळणीचा प्रश्न त्यात आहे का ते पाहा.